रोडबाईकचे गिअर गुळगुळीत आणि एमटीबीचे खाडकन, असं का होतं?

रिपेअर स्टँडवर सायकल टांगून हाताने पेडल फिरवलं, तर नीट लावलेल्या रोडबाईकचे आणि नीट लावलेल्या एमटीबीचे (माउंटन बाईकचे) गिअर जवळपास सारखेच पडतात. तीच एमटीबी दगडाळ चढावर नेली की क्लिक केल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग खाडकन आवाज येतो आणि पायाला झटका बसतो. रोडबाईक मात्र रस्त्यावरही बरीचशी स्टँडवरच्यासारखीच वागते. यावरून रोडचे पार्ट अचूक आणि एमटीबीचे दणकट पण ओबडधोबड, असा समज पसरतो. तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. उलट गेल्या दहा-पंधरा वर्षांत मागच्या गिअरवर झालेलं मोठं काम बहुतेक एमटीबीसाठीच झालं. खरा फरक पाडणाऱ्या गोष्टी दोन: चेनवरचा ताण आणि कॅसेटचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचा, फिरण्याचा वेग. दोन्हींचा हिशोब साध्या गणिताने करता येतो, आणि तो एकदा केला की कुठली तक्रार पान्याने सुटणार आणि कुठली नाही, हेही कळतं.

आधी गणित

चेन एका कॉगवरून, म्हणजे कॅसेटच्या एका चकतीवरून, दुसऱ्यावर वाटेल तिथून चढत नाही. शिमानोने १९८९ मध्ये हायपरग्लाइड कॅसेट आणली, तेव्हापासून कॉगच्या बाजूला उतरत्या खाचा, म्हणजे रॅम्प, आणि मुद्दाम कमी उंचीचे किंवा वळवलेले दात असतात. चेन फक्त याच जागांवर नीट उचलली जाते. अशा जागा प्रत्येक कॉगवर मोजक्याच. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) चेनला बाजूला ढकलून धरतो, आणि पुढची जागा फिरून येईपर्यंत चेन वाट बघते.

ही वाट किती वेळ? रोडवर पुढे, पेडलपाशी, ५० दातांची चेनरिंग, मागे १७ चा कॉग आणि केडन्स, म्हणजे पेडलचे मिनिटाला फेरे, ९० असेल तर कॅसेट मिनिटाला सुमारे २६५ फेरे घेते. म्हणजे एक फेरा पाव सेकंदाच्या आत. एमटीबीवर चढाला पुढे ३२, मागे ५१ आणि केडन्स ६० धरा. कॅसेट मिनिटाला जेमतेम ३८ फेरे घेते, एका फेऱ्याला १.६ सेकंद. कॉगवर अशा चार जागा आहेत असं मानलं, तर रोडवर चेनला जास्तीत जास्त ०.०६ सेकंद थांबावं लागेल, एमटीबीवर ०.४ सेकंद. पहिला आकडा माणसाला जाणवतच नाही. दुसरा चांगलाच जाणवतो.

आता ताण. दोन्हीकडे चालवणारा २०० वॉट देतोय असं धरू. रोडवर ५० ची चेनरिंग ९० च्या केडन्सने फिरते तेव्हा चेनचा वेग सेकंदाला ०.९५ मीटर असतो आणि तिच्यावर सरासरी २१० न्यूटन ताण येतो, म्हणजे साधारण २१ किलो वजन टांगल्याइतका. एमटीबीवर ३२ ची चेनरिंग ६० ने फिरते तेव्हा चेनचा वेग ०.४१ मीटर आणि ताण ४९० न्यूटन, म्हणजे पन्नास किलोच्या घरात. हे सरासरीचे आकडे आहेत. पेडल खाली दाबण्याच्या क्षणी ताण याहून बराच वर जातो, आणि कमी केडन्सला तो झटका जास्त तीव्र असतो.

म्हणजे तेवढीच ताकद लावूनही एमटीबीच्या चेनला सव्वादोनपटीहून जास्त ताणाखाली, सहा-सातपट हळू फिरणाऱ्या कॅसेटवर कॉग बदलायचा असतो. शिवाय वाटेत चिखल आणि दगड. ही परिस्थिती रोडबाईकवर लादली तर तिचेही गिअर कडकडतात. पुढे ३४, मागे ३० वर उभं राहून तीव्र चढ चढताना शेवटचा ३४ चा कॉग टाकून बघा, लगेच पटेल.

व्यवहारातला उपाय याच गणितातून निघतो. एमटीबीवर चढाला क्लिक केल्यावर पेडलचा अर्धा फेरा पाय हलका ठेवा. पाय थांबवायचा नाही, पेडल फिरत राहिलं पाहिजे, फक्त जोर काढायचा. साठच्या केडन्सला अर्धा फेरा म्हणजे अर्धा सेकंद, आणि चेनला लागणारा वेळ त्याच्या आतला आहे. चेन बसली की पुन्हा जोर. बहुतेक जण क्लिक आणि जोर एकदमच करतात, किंवा क्लिक करून लगेच पाय थांबवतात. दुसऱ्या सवयीत कॅसेट थांबल्यासारखी होते, जागा येतच नाही, आणि पुन्हा दाबल्यावर चेन ताणाखालीच उडी मारते.

वर-खाली दोन्ही दिशांचं वागणं वेगळं असतं, हेही इथेच सांगून टाकतो. जुन्या कॅसेटवर रॅम्पचा भर चेन लहान कॉगवरून मोठ्यावर चढवण्यावर होता. मोठ्यावरून लहानावर येताना चेन अक्षरशः खाली पडायची, त्याचाच तो ‘खाड’. शिमानोने २०१८ मध्ये एक्सटीआर एम९१०० या एमटीबी ग्रुपसेटसोबत (ग्रुपसेट म्हणजे गिअर-ब्रेकच्या पार्टचा संच) हायपरग्लाइड प्लस आणलं, त्यात खाली उतरण्याच्या दिशेलाही रॅम्प दिले आणि चेनच्या आतल्या पट्ट्यांचा आकार बदलला. या कॅसेटला याच जातीची चेन लावावी लागते. दुसरी १२-स्पीड (बारा कॉगसाठीची) चेन बसते, चालते, पण उतरतानाचा गुळगुळीतपणा जातो आणि मग लोक केबलचा ताण बदलणारा बॅरल अ‍ॅडजस्टर पिळत बसतात. शिमानोची प्रतिस्पर्धी कंपनी स्रॅमने २०२३ च्या ‘ट्रान्समिशन’ या संचात वेगळा मार्ग घेतला. चेन ठरलेल्या जागेशिवाय हलतच नाही, लिव्हर दाबून धरली तरी एका वेळी एकच कॉग. त्यामुळे गिअर थोडा सावकाश पडतो, पण पूर्ण जोर लावलेला असतानाही शांतपणे पडतो. निव्वळ ताणाखाली गिअर बदलण्याची स्पर्धा लावली तर आजच्या वरच्या दर्जाच्या एमटीबी ग्रुपसेटपुढे रोड ग्रुपसेट मागे पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायाला बसणारा झटका मेकॅनिक काढू शकत नाही

‘गिअर स्मूद नाहीत’ या तक्रारीत बऱ्याचदा चेनचा काहीच दोष नसतो. दोन कॉगमधली पायरीच मोठी असते. ११-स्पीड रोडची ११-२८ कॅसेट अशी असते: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. प्रत्येक पायरी ७ ते १३ टक्क्यांची. शिमानोची १०-५१ एमटीबी कॅसेट: १०, १२, १४, १६, १८, २१, २४, २८, ३३, ३९, ४५, ५१. इथे सगळ्यात लहान पायरी साडेबारा टक्के आणि सगळ्यात मोठी २० टक्के. स्रॅमच्या १०-५२ मध्ये शेवटची ४२ ते ५२ ही पायरी तर जवळपास २४ टक्क्यांची आहे.

पायाच्या भाषेत सांगायचं तर ९० च्या केडन्सने जाताना रोडवर १२ वरून ११ वर गेलात, तर त्याच वेगाला केडन्स ८२-८३ होतो. एमटीबीवर १२ वरून १० वर गेलात तर थेट ७५. चेन कितीही अलगद सरकली तरी पायाला हा फरक झटका म्हणूनच कळणार.

ट्रेलवर हे चालतं, नव्हे, तेच हवं असतं. चढ दहा मीटरमध्ये बदलतो, तिथे बारीक पायऱ्या असत्या तर तीन-चार क्लिक करण्यातच चढ संपला असता. सपाट रस्त्यावर तासन्‌तास एका लयीत पेडल मारताना मात्र हीच पायरी सतावते: एक गिअर जड, त्याच्या आतला हलका, मधला हवा तो नाहीच. एमटीबीला बारीक टायर लावून रस्त्यावर चालवणाऱ्यांची ही नेहमीची कुरबूर असते, आणि ट्यूनिंगचे कितीही पैसे दिले तरी ती जात नाही. रोडवर दोन चेनरिंगमुळे ५०-३४ आणि १२-स्पीडची ११-३४ कॅसेट मिळून साधारण ४५५ टक्के पल्ला मिळतो, म्हणजे सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या ४.५५ पट, एमटीबीवर एकाच चेनरिंगने ५१० टक्के. जास्त पल्ला, तेवढेच बारा कॉग. पायऱ्या मोठ्या होणारच.

लिव्हर

बोटाला जाणवणारा गुळगुळीतपणा हा तिसराच प्रकार. एमटीबीच्या ट्रिगर शिफ्टरला अंगठ्याच्या लिव्हरने एका दाबात तीन-चार कॉग वर जाता येतं. शिमानोच्या वरच्या मॉडेलमध्ये सोडायच्या लिव्हरने एकदम दोन कॉग खालीही येता येतं. रोडच्या लिव्हरमध्ये ब्रेक आणि गिअर एकाच जागी असतात, त्यामुळे आतली यंत्रणा दाटीवाटीची, पण क्लिक हलका.

एमटीबीची लिव्हर जड लागण्याचं मोठं कारण क्लच. शिमानोने २०११ च्या सुमारास एमटीबीच्या रिअर डिरेलरमध्ये क्लच दिला, पाठोपाठ स्रॅमनेही. केज, म्हणजे डिरेलरचा चेन धरणारा खालचा हात, पुढच्या दिशेला झटक्याने हलू नये, चेन फ्रेमवर आपटू नये आणि चेनरिंगवरून पडू नये, हे त्याचं काम. पण मोठ्या कॉगवर जाताना केजला पुढे झुकावंच लागतं, आणि तेव्हा क्लचचा विरोध तुमच्या अंगठ्याला भरून काढावा लागतो. शिमानोच्या बहुतेक क्लचवाल्या डिरेलरला चालू-बंद करायची छोटी कळ असते. ती बंद करून स्टँडवर गिअर टाकून बघा. जडपणा गेला तर केबल निर्दोष आहे, क्लचचं घर्षण जास्त आहे. कव्हर उघडून ते कमी करता येतं. तेवढाच जडपणा राहिला तर मोर्चा केबलकडे वळवा. क्लच कायमचा बंद ठेवून चालवायचा मोह टाळा, पहिल्याच खडबडीत उतारावर चेन पडू शकते.

केबल, आणि एक मिलिमीटरचं मोल

हा मुद्दा फारसा बोलला जात नाही, पण जुन्या रोडबाईकच्या निम्म्या कटकटी यात आहेत. शिफ्टर ठरावीक लांबीची केबल ओढतो आणि डिरेलर तिच्या काही पट बाजूला सरकतो. शिमानोच्या १०-स्पीडपर्यंतच्या बहुतेक रोड डिरेलरमध्ये हे प्रमाण १ ला सुमारे १.७ आहे. ११-स्पीड रोडमध्ये १.४ च्या आसपास. एमटीबीत १०-स्पीडला १.२ आणि पुढे १.१. याचा अर्थ असा, की मळामुळे किंवा आउटर (केबलवरचं बाहेरचं आवरण) दबल्यामुळे केबलमध्ये अर्धा मिलिमीटर चूक आली तर जुन्या रोड डिरेलरवर ती ०.८५ मिमी होऊन उतरते, नव्या एमटीबीवर ०.५५ मिमी. १०-स्पीड कॅसेटमध्ये दोन कॉगमधलं अंतरच ३.९५ मिमी. त्यात ०.८५ ची चूक म्हणजे खडखड नक्की. एमटीबीला मळात काम करायचं असतं म्हणूनच तिथे केबलची ओढ वाढवून हे प्रमाण कमी केलं गेलं.

याचाच दुसरा परिणाम: रोडचा शिफ्टर आणि एमटीबीचा डिरेलर एकत्र लावायचा घाट घालू नका. शिमानोमध्ये ९-स्पीडपर्यंत हे जमायचं. १०-स्पीडपासून ओढ वेगळी झाली. पहिले दोन-तीन गिअर बरोबर पडतात, म्हणून वाटतं की थोडं ट्यूनिंग राहिलंय. चूक प्रत्येक क्लिकला साठत जाते आणि मधल्या गिअरपर्यंत चेन दोन कॉगच्या मध्ये येऊन उभी राहते.

केबल बदलताना गिअरची आतली तार १.२ मिमीची, ब्रेकची १.५ किंवा १.६ ची, आउटर गिअरचं ४ मिमी, ब्रेकचं ५. ब्रेकचं आउटर गिअरला लावलं तर गिअर कधीच जागेवर येत नाहीत. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि वाकल्यावर त्याची लांबी बदलते. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने असतात, लांबी बदलत नाही. कापण्यासाठी धारदार केबल कटरच घ्या. कापलेलं तोंड कानशीने सपाट करा आणि आतली प्लास्टिकची नळी दाबली गेली असेल तर टोच्याने पुन्हा गोल करा. ही शेवटची पायरी फार जण गाळतात आणि नव्या केबलवरही गिअर आळशी पडतात. आत जाड ग्रीस भरू नका, ते धूळ धरून पेस्ट बनतं.

रोडबाईकवर केबलची खरी परीक्षा हँडलबारवर होते. बार टेपखाली आउटरला दोन घट्ट वळणं, आणि केबल हेडसेटमधून आत जात असेल तर आणखी एक. एमटीबीवर बहुतेक वेळा शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत सलग आउटर असतं, लांब पण मोकळ्या वळणांचं. म्हणून रोडवर केबलचं घर्षण जास्त, एमटीबीवर मळ जास्त. रोडच्या लिव्हरच्या आत तार लहान त्रिज्येत वळते, तिथे एकेक धागा तुटायला लागतो. खूण अशी: गिअर अधूनमधून बिघडतो, बॅरल फिरवला की दोन दिवस बरा, पुन्हा बिघडतो. अशा वेळी बॅरल सोडा, लिव्हरचं रबर मागे सारून तारेचं डोकं बघा. पूर्ण तुटेपर्यंत थांबलात तर डोकं आत अडकतं आणि ते काढायला घाम निघतो.

पुढचा गिअर

एमटीबी इथे सरळ जिंकते, कारण बहुतेक नव्या एमटीबींना पुढचा डिरेलरच नाही. स्रॅमने २०१२ मध्ये एक्सएक्स१ हा एकाच चेनरिंगचा संच आणल्यावर हा प्रवाह सुरू झाला, २०१६ च्या ईगल या १२-स्पीड संचानंतर पक्का झाला.

रोडवर ३४ वरून ५० वर जाणं म्हणजे एका क्लिकमध्ये ४७ टक्क्यांची उडी. मागच्या कुठल्याही पायरीपेक्षा ती कितीतरी मोठी आहे आणि चेनच्या ताणलेल्या बाजूला होते. मागचा डिरेलर सैल बाजूवर काम करतो, पुढचा ताणलेल्या, म्हणून पुढे जोर लावून गिअर बदलणं कायमच वाईट. लहान चेनरिंगवर उतरताना मागे दोन-तीन कॉग लहान करा, मोठ्यावर चढताना आधी मागे दोन मोठे. पाय हवेत फिरल्यासारखा होत नाही.

जुळवणीचे आकडे: पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दातांपासून १ ते ३ मिमी वर, आणि चेनरिंगला समांतर. चेन पुढे लहान, मागे सगळ्यात मोठ्या कॉगवर असताना आतली पट्टी चेनपासून अर्धा मिमीच्या आत, पण न घासता. पुढे मोठी, मागे सगळ्यात लहान असताना बाहेरच्या पट्टीचंही तसंच. पुढचा शिफ्टर अर्ध्या क्लिकचा ट्रिम, म्हणजे डिरेलरची बारीक सरक, देतो, तो वापरायला शिका. मधल्या कॉगवर घासण्याचा आवाज ट्रिमनेच जातो, स्क्रूने नाही. चेनरिंग काढून पुन्हा लावली असेल तर मोठ्या रिंगवरची बाहेर आलेली पिन क्रँकच्या मागेच आली पाहिजे. रिंग फिरवून बसवली की रॅम्पच्या जागा चुकतात, आणि गिअर पूर्वीसारखा का चढत नाही ते कळता कळत नाही.

जुळवणीचा क्रम

हँगर, मग केबल, मग लिमिट (डिरेलरला दोन्ही टोकांना अडवणारे स्क्रू), मग बी-स्क्रू, आणि सगळ्यात शेवटी बॅरल. लोक शेवटापासून सुरुवात करतात.

हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेलरमधला तो मुद्दाम मऊ ठेवलेला तुकडा. एमटीबीवर दगडाला लागून वाकतो, रोडवर सायकल उजव्या बाजूला पडून किंवा गाडीत आडवी टाकून. डोळ्याला सरळ दिसणारा हँगरही वाकडा असू शकतो. डिरेलर काढून हँगर गेज लावा, व्हॉल्व्हजवळचा एकच बिंदू धरून चाक फिरवत घड्याळाच्या १२, ३, ६, ९ वाजताच्या जागी रिमपासूनचं अंतर मोजा. फरक ४ मिमीच्या आत हवा, १२-स्पीडला त्याहून कमी ठेवलेला बरा. वाकड्या हँगरची खूण: लहान कॉगवर सगळं ठीक, मोठ्या कॉगकडे जाईल तसं बिघडत जातं, किंवा उलट. बॅरलने एक टोक सुधारतं, दुसरं बिघडतं. कॅसेट आवळून धरणारा लॉकरिंग ढिला असला तरी अशीच लक्षणं दिसतात. तो ४० न्यूटन-मीटरला घट्ट असतो, हाताने हलवून कॅसेट डुलत नाही ना ते आधी बघा. ११-स्पीड रोडच्या फ्रीहबवर (कॅसेट बसते तो हबचा भाग) १०-स्पीड कॅसेट लावताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर विसरला, तर लॉकरिंग घट्ट होऊनही कॅसेट डुलते.

लिमिट स्क्रूसाठी केबल सोडून ठेवा. डिरेलरची वरची पुली (छोटं दातेरी चाक) सगळ्यात लहान कॉगच्या बाहेरच्या कडेखाली आणि सगळ्यात मोठ्याच्या बरोबर खाली, एवढंच. मोठ्या बाजूचा स्क्रू ढिला राहिला तर चेन स्पोकमध्ये जाते, तिथे कंजूषपणा करू नका.

बी-स्क्रू म्हणजे वरची पुली आणि कॉग यांतलं अंतर. रोडवर मोठ्या कॉगवर असताना साधारण ५-६ मिमी बरं पडतं. स्रॅम ईगलला मात्र बरंच जास्त अंतर लागतं, त्यासाठी वेगळा प्लास्टिक गेज मिळतो. शिमानोच्या १२-स्पीड एमटीबी डिरेलरच्या मागच्या बाजूला त्यासाठी रेघ असते. रोडच्या सवयीने ईगलची पुली कॉगजवळ आणली तर चेन मोठ्या कॉगवर चढताना घुटमळते. अंतर फार ठेवलं तर सगळेच गिअर ढिले पडतात, क्लिक आणि चेन यांचा ताळमेळ सुटतो. एमटीबीचे गिअर ‘कसेतरी’ पडतात अशा तक्रारीत केबलच्या खालोखाल बी-स्क्रूच दोषी निघतो.

फुल सस्पेन्शन असेल तर बी-अंतर स्टँडवर मोजू नका. सायकलवर बसल्यावर मागचा शॉक खाली बसतो आणि पुलीचं अंतर बदलतं. कुणाला तरी सायकलवर बसवून, सॅग, म्हणजे वजनाने येणारा तो बसका, आल्यावर मोजा. चेनची लांबीही शॉकची हवा काढून, मागचं चाक क्रँकपासून सगळ्यात दूर जाईल त्या स्थितीत ठरवा. पिव्होटजवळ आउटरला पुरेसा ढील ठेवा. तो नसेल तर प्रत्येक खड्ड्यात शॉक दबताना आउटर ताणलं जातं आणि न मागता गिअर बदलतो.

आता बॅरल. रोडवर तो बहुधा डिरेलरवर किंवा केबलच्या मध्ये, एमटीबीवर शिफ्टरपाशी. चेन मोठ्या कॉगकडे जायला कुरकुरत असेल तर केबल ताणा, म्हणजे बॅरल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. लहान कॉगकडे यायला आळस करत असेल तर सैल करा. एका वेळी पाव फेरा. आणि हे लक्षात ठेवा: ताणलं की उतरताना त्रास, सैल केलं की चढताना त्रास, अशी कोंडी झाली तर बॅरलला हात लावणं थांबवा. ती केबलच्या घर्षणाची किंवा वाकड्या हँगरची खूण आहे, दोन्हींवर बॅरलचा इलाज नाही.

झीज दोन्हीकडे सारखीच मारक, पण एमटीबीवर लवकर येते. चेन गेजवर ११ आणि १२-स्पीड चेन ०.५ टक्क्याला बदला, ९-१० स्पीडला ०.७५ चालतं. वरच्या पुलीत, शिमानोच्या बऱ्याच डिरेलरमध्ये, आडवी थोडी हालचाल मुद्दाम ठेवलेली असते. खालच्या पुलीत नसते. साफसफाईत दोन्हींची अदलाबदल झाली तर इंडेक्सिंग, म्हणजे क्लिकनुसार गिअर जागेवर पडणं, नीट लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक आल्यावर

शिमानोचं रोडसाठीचं डीआय२ २००९ मध्ये आलं, एमटीबीवर एक्सटीआर २०१४ मध्ये, स्रॅमचं बिनतारी ईटॅप २०१५ मध्ये आणि ईगल एएक्सएस २०१९ मध्ये. केबलच गेली, त्यामुळे घर्षण, आउटर, लिव्हरचा जडपणा हे सगळं एका फटक्यात निघालं. रोडवर पुढच्या गिअरला याचा सर्वाधिक फायदा झाला. मोटर दरवेळी तेवढाच नेमका धक्का देते, ट्रिमही स्वतःच करते. पण रॅम्पची वाट बघणं, पायऱ्यांची उंची आणि वाकडा हँगर हे तसेच राहिले. इलेक्ट्रॉनिक डिरेलर वाकड्या हँगरवर लावला तर तो प्रत्येक वेळी अचूकपणे चुकीच्या जागी जातो. स्रॅमच्या ट्रान्समिशनने हँगरच काढून डिरेलर थेट फ्रेमला बसवला, लिमिट आणि बी-स्क्रूही काढले, तो याच अडचणीवरचा उपाय.

दोन सायकलींची तुलना करायचीच असेल तर ती स्टँडवर नको. एकाच चढावर, बसून, आधी अर्धा जोर आणि मग पूर्ण जोर लावून मागचे चार मोठे कॉग वर-खाली टाका. मग सपाटीवर केडन्स धरून मधले कॉग. खटका चेनचा आहे की पायरीचा, ते पाय हलका केल्यावर कळतं: आवाज गेला पण पायाचा धक्का राहिला, तर दोष कॅसेटच्या पायरीचा. नव्या सायकलीवर ही चाचणी घेत असाल तर आउटर आपापल्या टोप्यांमध्ये बसायला पहिल्या काही राइड लागतात, तोपर्यंत बॅरल पाव ते अर्धा फेरा ताणावा लागणं स्वाभाविक आहे. त्यानंतरही दर आठवड्याला ताणावं लागत असेल, तर अँकर बोल्टखाली केबल घसरतेय का ते बघा.